वेबसाइटचे रंग कसे ठरवायचे? फुकट ऑनलाइन साधनं आणि आपली सोलापूरची दुकानं

उभाआडवा

सोलापुरातल्या छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट करणं हे माझं काम. चादर-टॉवेलचे कारखानदार, युनिफॉर्मवाले, खाद्यपदार्थवाले, क्लासेस, दवाखाने. बहुतेक कामांत गाडी रंगांवर येऊन अडते. मालकांना उठावदार हवं असतं, त्यांच्या मुलाला पांढरंशुभ्र हवं असतं, आणि मग कुणीतरी कूलर्स ही रंगांच्या पट्ट्या सुचवणारी साइट उघडतं. स्पेस बार दाबला की पाच रंगांची नवी पट्टी, परत दाबला की आणखी एक. अर्ध्या तासाने सगळ्यांना सगळंच आवडलेलं असतं आणि ठरलेलं काहीच नसतं.

साधन चांगलं आहे. आवडलेल्या रंगाला कुलूप घालून बाकीचे बदलत राहता येतं, ही सोय मी रोज वापरतो. पण पट्टीत पाचही रंग सारख्या रुंदीने शेजारी-शेजारी उभे असतात. साइटवर तसं कधी नसतं. तिथे एक रंग बहुतेक जागा व्यापतो, एक अक्षरांना लागतो, एक फक्त बटणापुरता येतो. कुठला रंग कुठे बसणार हे पट्टी सांगत नाही, आणि डोकं तिथेच लावायचं असतं.

म्हणून मी सुरुवात मालापासून करतो. दुकानात जे विकलं जातं त्याचा दिवसाउजेडी, सावलीत फोटो काढायचा. पिवळ्या दिव्याखाली काढला तर पांढरी चादरही पिवळट येते आणि पुढचं सगळं गणित चुकतं. तो फोटो अ‍ॅडोबी कलर या साइटवर टाकला की पाच रंग निघतात. फोटोवरचे गोल बोटाने सरकवून हव्या त्या जागेचा रंग घेता येतो. त्या पाचातून फक्त एक रंग ठेवायचा, जो बघून गिऱ्हाइकाला ते दुकान आठवेल. बाकी सगळं पांढरं, राखाडी, काळपट. दुसरा रंग लागलाच तर तो अगदी थोडा.

एवढं झालं की आपण रंग विसरायचा आणि फक्त फिकट-गडद बघायचं. वाचता येणं न येणं यावरच ठरतं. वेबएम नावाच्या संस्थेचं तपासणीचं पान फुकट आहे. अक्षरांचा रंग आणि जमिनीचा, म्हणजे अक्षरांमागचा रंग घातला की ते एक गुणोत्तर देतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, तेच सर्वांत जास्त. सारख्याच दोन रंगांचं १. डब्ल्यूसीएजी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत २००८ पासून साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ सांगितलंय. २०१८ आणि २०२३ च्या आवृत्त्यांतही हे आकडे तसेच आहेत.

दोन उदाहरणं देतो. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी माझ्याकडे केशरी पानाची मागणी हमखास येते, आणि त्यावर पांढरी अक्षरं. नेहमीचा केशरी घ्या: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ (प्रत्येक आकडा ० ते २५५ मध्ये असतो, पुढचे आकडेही याच क्रमाने). त्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर येतं २.१३. निम्मंसुद्धा नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं घातली की ९.८६. दुसरं, सगळ्यांच्या साइटवर असणारं व्हॉट्सॲपचं बटण. तो हिरवा ३७, २११, १०२. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ऑर्डर करा' लिहिलं तर १.९८. ज्या बटणावर धंदा चालतो तेच वाचता येत नाही! आतली अक्षरं काळी करा, नाहीतर जमीन गडद हिरवी घ्या. ७, ९४, ८४ घेतलात तर पांढरी अक्षरं ७.६७ वर जातात.

तुम्ही कुठली साधनं वापरता, कुठे अडता, लिहा. दुकानाच्या साइटचा दुवा दिलात तर बघून सांगेन.

चाटीगल्ली

दादा, बरं झालं हा विषय काढलात. आमचं चाटी गल्लीत जुनं कापडाचं दुकान आहे. सासरे आणि मी मिळून साइट करतोय, म्हणजे टाइप मी करते आणि निर्णय ते घेतात. आमच्या पाटीवर लाल जमिनीवर हिरवी अक्षरं आहेत, पहिल्यापासून. मामंजींचं म्हणणं असं की गिऱ्हाईक पाटी ओळखतं, म्हणून साइट पण तशीच लाल-हिरवी हवी. मला ते डोळ्यांना त्रासदायक वाटतं, पण नुसतं 'मला वाटतं' म्हणून त्यांना कसं सांगू?

उभाआडवा

ताई, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते तसंच त्यांना सांगा. ओळख टिकायलाच हवी. डब्ल्यूसीएजीमध्ये बोधचिन्हाला आणि व्यापारी नावाच्या अक्षरांना गुणोत्तराची अट नाही. पाटी जशी आहे तशी साइटच्या डोक्यावर लावा, एक रेघ बदलू नका.

खालचा मजकूर मात्र वेगळा. भडक लाल २५५, ०, ० आणि नेहमीचा हिरवा ०, १२८, ० हे वेबएममध्ये घालून मामंजींसमोर बटण दाबा. १.२८ येतं. दोन रंग आपल्याला इतके वेगळे दिसतात, पण उजळपणात जवळजवळ सारखे आहेत. म्हणूनच कडा थरथरल्यासारख्या वाटतात, ते तुमच्या डोळ्यांचं दुखणं नाही.

लाल ठेवा. फक्त किंचित गडद घ्या. २०४, ०, ० वर पांढरी अक्षरं ५.८९ मिळवतात, तेच भडक लालावर जेमतेम ४ येतं. हिरवा काठाला वापरा: वर एक पट्टी, मथळ्याखाली एक रेघ. कापडाच्या दुकानाला काठ कुठे असावा हे मी सांगायला नको.

भुईकोट

मी जरा वेगळं मत मांडतो. माझं युनिफॉर्मचं काम आहे. शाळा आमच्याकडे येते ती भाव, कापडाचा दर्जा आणि वेळेवर डिलिव्हरी बघून. साइटचा रंग बघून आजवर एकही ऑर्डर आली नाही आणि गेली नाही. वर्डप्रेसची फुकट थीम घ्या, जसे रंग आहेत तसे ठेवा, फोन नंबर मोठा टाका. विषय संपला.

उभाआडवा

थीमचे रंग जसेच्या तसे ठेवणार असाल तर माझा अजिबात विरोध नाही. चांगल्या थीमच्या रंगांवर बनवणाऱ्यांनी काम केलेलं असतं, बरेचदा गुणोत्तरंही तपासलेली असतात. पण तसं कुणी ठेवत नाही. पंधरा दिवसांनी कुणीतरी निळ्याच्या जागी आपला पिवळा घालतं, आणि त्या निळ्यावर बसवलेली पांढरी अक्षरं आता पिवळ्यावर येतात. २५५, १९३, ७ हा हळदी पिवळा घ्या: पांढऱ्याशी १.६३. जी थीम चालत होती ती एका बदलात मोडते. असा पिवळा हवाच असेल तर त्यावर गडद मरून घाला, १२८, ०, ०. ते ६.७२ येतं आणि दिसतंही फार सुरेख.

आणि रंग बघून ऑर्डर येत नाही हे खरं, पण तुमच्या फोन नंबरच्या बाबतीत बोलायचं तर तो वाचता यायला हवा ना? शाळेचे क्लार्क दुपारी उन्हात उभं राहून मोबाइलवर बघतात. एप्रिल-मेचं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. फिकट राखाडी नंबर त्या उजेडात गायब होतो. १५३, १५३, १५३ हा राखाडी हल्ली सगळीकडे दिसतो, पांढऱ्यावर त्याचं फक्त २.८५ येतं. पांढऱ्यावर चालणारा सर्वांत फिकट राखाडी म्हणजे ११८, ११८, ११८. तो ४.५४ ला उतरतो. एक घर पुढे, ११९ ला, ४.४८ होऊन नापास.

भुईकोट

नंबर वाचता यायला हवा हे मान्य. बघतो आमच्या साइटवर काय आहे ते.

होटगीरोड

माझा अनुभव लिहितो, कारण साइट करणाऱ्यांनी हे ऐकायला हवं. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जन्मापासून. गाडी चालवताना सिग्नलचा वरचा-खालचा दिवा बघतो, काही अडत नाही. अडतं ते ऑनलाइन. एका तिकिटाच्या साइटवर रिकामी सीट हिरवी आणि भरलेली लाल दाखवतात, दोन्ही एकाच आकाराचे चौकोन. मला सगळे सारखे मातकट दिसतात. एकेक दाबून बघावं लागतं. फॉर्म भरताना चुकलेल्या चौकटीची नुसती कड लाल होते, शब्द काही नाही. मी तीन वेळा 'पुढे' दाबतो आणि फॉर्म जागचा हलत नाही.

दुकानांच्या साइटवर 'माल आहे / संपला' साठी हिरवा-लाल ठिपका असतो, तिथेही तेच. ठिपक्याशेजारी दोन शब्द लिहायला कितीशी जागा लागते?

हे पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतं, कारण त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांत माझ्यासारखे नक्की आहेत. आम्ही सांगत नाही एवढंच, दुसऱ्या साइटवर जातो.

उभाआडवा

मनापासून धन्यवाद. हे सगळ्यांनी दोनदा वाचा.

तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. संगणकावर क्रोममध्ये पानावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट उघडा, त्यातल्या रेंडरिंग विभागात दृष्टिदोष दाखवण्याची यादी आहे. प्रोटॅनोपिया, ड्यूटरॅनोपिया (लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचे दोन प्रकार) निवडलं की तुमचं चालू पान त्या नजरेला कसं दिसतं ते दिसतं. धूसर दृष्टीचाही पर्याय आहे, तो मी प्रत्येक साइटवर लावून बघतो, कारण आपल्याकडे चष्मा घरी ठेवून दुकानात बसणारे खूप. अ‍ॅडोबी कलरमध्ये रंग ठरवतानाच हे कळतं: कुठले दोन रंग रंगांध माणसाला सारखे दिसतील त्यावर खूण येते. पॅलेटॉन या रंग जुळवायच्या साइटवरही अशी सोय आहे.

शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती सगळ्यांना वापरता यावी हे आलेलंच आहे. मी मात्र गिऱ्हाइकांना कायदा सांगत नाही, होटगीरोड यांनी लिहिलंय तेच सांगतो.

शेडकार्ड

नमस्कार. मी आयुष्यभर डाईंगमध्ये होतो, आता मुलगा बघतो. वेबसाइटमधलं मला काही कळत नाही, पण रंगाचं थोडं कळतं, म्हणून लिहितो.

पार्टी सॅम्पल घेऊन येते आणि म्हणते हा शेड द्या. आम्ही लॅबमध्ये लहान डिप, म्हणजे रंगवलेला नमुना काढतो, पार्टीला दाखवतो, मग पुढचं. पण दाखवताना कुठल्या उजेडात दाखवलं हे महत्त्वाचं. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन शेड दारात उन्हात नेले की वेगळे पडतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी काढलेला एकच शेड असेल तर हे व्हायचंच. त्यामुळे आम्ही कधीच एका उजेडात पास करत नाही.

आता मुलगा सांगतो की साइटवरचा फोटो बघून माल घेणाऱ्याची तक्रार येते, 'फोटोत मरून होता, आला तो विटकरी'. मोबाइल प्रत्येकाचा वेगळा, त्यातला उजेड वेगळा. याला तुमच्याकडे काही उपाय आहे का?

आणखी एक. फोटोच्या मागे मुलाने सगळं पान गडद हिरवं केलंय, का तर लाल चादर उठून दिसते. दिसते खरी, पण ती आमची चादर राहत नाही, जास्तच लाल दिसते. मला ते पटत नाही.

उभाआडवा

काका, तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे, आणि त्याला तुमच्याच व्यवसायातला आधार आहे. पॅरिसमध्ये गोब्लँ म्हणून भिंतीवरचे गालिचे विणणारा सरकारी कारखाना आहे. तिथल्या डाईंग विभागाची जबाबदारी १८२४ मध्ये शेव्रूल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. तक्रारी येत होत्या की काळं सूत नीट रंगत नाही, फिकं पडतं. त्याने तपासलं तर रंग चांगला होता. त्या काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यांमुळे तो फिका दिसत होता. शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो, हा नियम त्याने १८३९ मध्ये पुस्तकातून मांडला. हिरव्याशेजारी लाल जास्त लाल दिसतो तो यामुळेच.

म्हणून विक्रीच्या मालाचा फोटो असेल तिथे जमीन पांढरी किंवा फिकट राखाडीच हवी. चादर विकायची असेल तर पानाने रंग दाखवायचा नाही, चादरीने दाखवायचा. मुलाला माझ्या वतीने सांगा: हिरवा हवा असेल तर तो वरच्या पट्टीत आणि तळाला घ्या, फोटोपासून लांब.

प्रत्येक मोबाइलवर एकच रंग दिसेल असं कुणालाच करता येत नाही. एक गोष्ट करता येते. फोटो काढताना चादरीशेजारी पांढरा कोरा कागद ठेवायचा आणि संगणकावर किंवा मोबाइलवर तो कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो सुधारायचा. गुगलचं स्नॅपसीड मोबाइलवर फुकट आहे, त्यात व्हाइट बॅलन्स आहे. शिवाय मालाच्या माहितीत रंग शब्दात लिहा, आणि शेड नंबर द्या. दुसऱ्यांदा मागवणारा नंबरावर मागवतो.

शेडकार्ड

शेड नंबर लिहायची कल्पना चांगली आहे, आमच्याकडे नंबर आहेतच. मुलाला हा धागा वाचायला देतो.

जुळेसोलापूर

मी इंजिनिअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. कॉलेजच्या कार्यक्रमाची साइट मी बघतोय. दोन प्रश्न.

एक, एचएसएलमध्ये (रंगछटा, गडदपणा, उजळपणा अशा तीन आकड्यांत रंग लिहितात ते) उजळपणा ५० टक्के ठेवून नुसता ह्यू, म्हणजे रंगछटा फिरवली तर सगळे रंग सारखे उजळ यायला पाहिजेत ना? माझ्याकडे पिवळा डोळ्यात घुसालाय आणि निळा काळाच दिसालाय.

दोन, डार्क मोड, म्हणजे गडद जमिनीवर फिकट अक्षरं. सगळे रंग उलटे केले की झालं ना?

उभाआडवा

पहिला प्रश्न फार चांगला विचारलास. एचएसएलमधला उजळपणा हा नुसता आकड्यांचा हिशेब आहे, डोळ्याचा नाही. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही तिथे ५० टक्केच. पण पांढऱ्याशी पिवळ्याचं गुणोत्तर १.०७ आणि निळ्याचं ८.५९. डोळा हिरव्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, निळ्याला सर्वांत कमी. गुणोत्तराच्या सूत्रात म्हणूनच हिरव्याला ०.७१५२, लालाला ०.२१२६ आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२ एवढा वाटा दिलाय.

यावर उपाय ओकेएलसीएच, रंग आकड्यांत लिहायची दुसरी पद्धत. आता सगळ्या नव्या ब्राउझरमध्ये सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) थेट लिहिता येतो. त्यातला उजळपणा डोळ्याच्या अंदाजाजवळ जातो. एकाच रंगाच्या फिकट ते गडद अशा आठ-दहा पायऱ्या करायच्या असतील तर तोच वापर. आणि त्या पायऱ्यांना रंगाचं नाव देऊ नकोस, कामाचं दे: जमीन, मजकूर, बटण, कड, इशारा. उद्या मरूनचा निळा झाला तर एका जागी बदल करून मोकळा होशील.

दुसरा प्रश्न. आपली सोलापुरी चादर आठव. सुलट्या बाजूला लाल जमिनीवर पांढरी वेल, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. दोन्ही बाजू चालतात, कारण सूत दोनच रंगांचं आणि दोघांत अंतर भरपूर. डार्क मोडमध्ये तुझ्याकडे दोनच रंग असतील तर उलटं करून भागेल. पण मधले रंग असले की फसतं. मरून १२८, ०, ० पांढऱ्यावर १०.९५ येतो. तोच १८, १८, १८ या काळपट जमिनीवर ठेवलास तर १.७१. म्हणजे दिवसा चमकणारं बटण रात्री नाहीसं. तिथे त्याच कुळातला फिकट घ्यावा लागतो. २५५, १५३, १५३ घेतलास तर ९.१६ होतं.

अगदी काळीकुट्ट जमीन आणि पांढरीफेक अक्षरं मी टाळतो. गुणोत्तर २१ असलं तरी लांब मजकूर वाचताना अक्षरांभोवती उजेड पसरल्यासारखा वाटतो, विशेषतः अ‍ॅस्टिग्मॅटिझम हा डोळ्याच्या गोलाईतला दोष असणाऱ्यांना. जमीन काळपट राखाडी आणि अक्षरं किंचित मंद ठेव.

जुळेसोलापूर

कामाची नावं द्यायचं डोक्यातच नव्हतं आलं. सगळीकडे 'लाल१', 'लाल२' लिहून ठेवलंय. आज बदलतो.

फ्लेक्सवाला

सगळं वाचलं. एक विनंती माझ्याकडून. साइटचे रंग ठरले की लोक तेच आकडे घेऊन व्हिजिटिंग कार्ड आणि बोर्डसाठी येतात आणि छापून आल्यावर नाराज होतात. स्क्रीन उजेडाने रंग बनवते, छपाई शाईने. स्क्रीनवरचा चकचकीत हिरवा, विजेसारखा निळा शाईत उतरतच नाही, मंद होतो. मशीन खराब नसते. ज्यांना बोर्ड पण करायचाय त्यांनी मुळातच मरून, गडद निळा, बाटली हिरवा, मोहरी असे रंग घ्यावेत. ते दोन्हीकडे जवळपास सारखे येतात. आणि ठरवायच्या आधी एक छोटा तुकडा छापून बघा, मोठा बोर्ड नंतर.

शेंगाचटणी

ताई-दादांनो, माझ्याकडे संगणक नाही, सगळं मोबाइलवर. आम्ही बायका मिळून शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून पाठवतो. साइटसाठी चटणीच्या फोटोतून रंग काढला तर सगळे तपकिरी आले. पान मातीसारखं दिसतंय. खायची वस्तू अशी दिसली तर कोण घेणार? मैत्रीण म्हणते खाण्याला लाल-पिवळाच हवा.

उभाआडवा

ताई, लाल-पिवळ्याची सक्ती नाही. मोठमोठ्या कंपन्या वापरतात म्हणून तसं वाटतं, आणि आपणही तेच घातलं की आपली चटणी त्यांच्या गर्दीत हरवते.

तपकिरी म्हणजे गडद केलेला नारिंगीच. हे मोबाइलवरच करून बघता येतं. कूलर्समध्ये तो तपकिरी घाला, रंगावर बोट ठेवून एचएसबी उघडा आणि फक्त ब्राइटनेस वाढवत न्या. त्यातूनच भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि मिरचीचा लालसर नारिंगी वर येईल. तो तुमच्याच चटणीतला आहे, कुठून आणलेला नाही. मूळचा गडद तपकिरी अक्षरांना घ्या, काळ्यापेक्षा मऊ दिसतो आणि गुणोत्तरही भरपूर मिळतं. जमीन पांढरी किंवा अगदी हलकी साईसारखी. लालसर नारिंगी फक्त 'मागवा' या बटणाला.

मग रिअलटाइम कलर्स उघडा. तिथे तुमचे रंग सुट्या पट्टीत न दिसता खऱ्या पानावर दिसतात: अक्षरं, जमीन, मुख्य बटण, दुय्यम, उठाव असे पाच कप्पे आहेत. मोबाइलवर थोडं दाटीवाटीचं होतं, पण चालतं. नवशिक्यांना मी हल्ली पहिलं हेच साधन सांगतो.

चाटीगल्ली

शेंगाचटणी ताई, फोटोत चटणीशेजारी कांद्याची पात किंवा हिरवी मिरची ठेवा. पानाला हिरवा रंग द्यायची गरजच पडणार नाही.

दादा, मामंजींसमोर ते १.२८ आलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं, मग दुकानाबाहेर जाऊन पाटीकडे बघून आले. पाटी तशीच राहणार आहे. साइटवर गडद लाल पट्टी, खाली हिरवा काठ, बाकी पांढरं आणि मजकूर ५१, ५१, ५१ मध्ये. वेबएमने त्याला १२.६३ दिले.

होटगीरोड

ताई, एक सुचवू? मजकुरात जिथे दुवे आहेत तिथे नुसता लाल रंग देऊ नका, खाली रेघ पण द्या. गडद राखाडी मजकुरात गडद लाल शब्द मला वेगळा दिसत नाही.

चाटीगल्ली

दिली. आणि 'संपला' हा शब्दच लिहिलाय, ठिपके काढून टाकले.

आता एक शेवटचं. आमचं निम्मं गिऱ्हाईक पूर्व भागातलं, घरात तेलुगू बोलणारं. अक्कलकोटकडून कन्नडवालेही येतात. तिन्ही भाषांत पानं करायची ठरतंय. रंग तेच ठेवले तर चालतील ना?

उभाआडवा

रंग तेच ठेवा, आकार बदला. गुणोत्तराचा आकडा लिपी बघत नाही, पण डोळा बघतो. देवनागरीत अनुस्वार आणि मात्रा बारीक असतात, त्यामुळे मी मराठी मजकुराला ४.५ वर थांबत नाही, ७ च्या पुढेच ठेवतो. तेलुगू आणि कन्नड अक्षरं गोलाकार आणि वळणांनी भरलेली, लहान आकारात आतली पोकळी बुजते. मराठी १७ पिक्सेल ठेवलं असेल तर ती पानं १८-१९ ला न्या आणि दोन ओळींत अंतर थोडं वाढवा. पातळ फॉन्ट तिन्ही भाषांत नको. मराठीला मुक्ता छान चालतो, बाकी दोन्हींना गुगल फॉन्ट्सवर नोटो सान्स आहे, फुकट.

आणि वरच्या पट्टीत भाषा बदलायचं बटण ठेवाल तेव्हा भाषेचं नाव त्याच लिपीत लिहा. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, ५.८९ आहेच तुमच्याकडे. पान तयार झालं की दुवा टाका, काठाची रुंदी मोबाइलवर कशी दिसते ते बघून सांगतो.